पळसाच्या पानांचा भाऊ

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आता साठीला आलो, बीपीची गोळी खातो, गोंदियाजवळ फुलचूरला मुलाच्या घरी राहतो, आणि शेजारपाजारचे म्हणतात, काका किती शांत आहेत. शांत बिंत काही नाही. ज्याच्यावर ओरडायचो तो राहिला नाही, एवढंच.

तो माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी बावीसचा. त्या दिवसापासून मी स्वतःला त्याचा बाप समजू लागलो. बाप होणं काही मला जमलं नाही, बापाचा आवाज तेवढा जमला. ऊठ, हे उचल, ते कुठं ठेवलंस, डोळे फुटले का तुझे. तो ऐकून घ्यायचा. उलट बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडून त्याचा डावा पाय मोडला होता. हाड जुळलं, पण पाऊल थोडं आत वळून राहिलं, म्हणून चालताना तो जरा तिरपा चालायचा. त्यावरूनही मी बोलायचो. चल लवकर, पायाचं निमित्त सांगू नको. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण बोलायचो, हे खरं.

हातानं मात्र तो गुणी होता. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायला बसला की बोटं दिसायची नाहीत. पान पानावर ठेवायचं, बांबूची बारीक काडी टोचायची, मोडायची, की झालं. लग्नाघरून त्याला आधी बोलावणं यायचं, मला नंतर. मी लावलेल्या पत्रावळीतून वरण गळायचं. तो हसायचा आणि गुपचूप माझी पत्रावळ उचलून खाली आणखी एक पान लावून द्यायचा.

आमचं गाव सालेकसा आणि दरेकसा यांच्या मधलं, रेल्वेलाईनच्या अलीकडचं. आम्ही पोवार, धानाची शेती. माय तिच्या बहिणींशी पोवारीत बोलायची आणि आमच्याशी सगळी मिसळ करून. घरात माय, मी, माझी बायको, आमची दोन लहान मुलं आणि तो. चोवीस वर्षांचा झाला होता, लग्नाचं बोलणं सुरू होतं.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची. आमच्याकडं भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे गावच्या लोकांनी गावासाठी नाचून-गाऊन केलेलं नाटक. त्या वर्षी मंडईच्या कमिटीत मी होतो. कमिटीत असलं की माणसाची छाती फुगतेच. दंडारीच्या स्टेजवर छत नव्हतं. चार लोकांत मी म्हणून बसलो, माझी ताडपत्री घेऊन जा, नवी आहे, मोठी आहे. नवी कसली, एका कोपऱ्याला फाटलेली होती आणि मायनं तिथं युरियाच्या पोत्याचं ठिगळ लावलं होतं.

इकडं शेतात धान कापून झाला होता. भारे बांधून पुंजना रचायचा होता. पुंजना म्हणजे धानाच्या भाऱ्यांची गंजी. मळणी होईपर्यंत धान तिच्यात राहतो. लोंब्या आत आणि बुडखे बाहेर असे भारे लावावे लागतात, आणि वरून ताडपत्री. ते काम मी भावाला सांगितलं होतं. संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "दादा, ताडपत्री दिसून नाही राहिली."

मी दाढी करत होतो. आरशातच म्हणालो, "आभाळ पाहिलंस का? एक ढग नाही. तू भारे नीट रच, ताडपत्रीचं माझं मी पाहतो."

मंडईला दिली, हे सांगितलं नाही. काऊन नाही सांगितलं? घरात विचारलं नव्हतं म्हणून. मायनं तोंड सोडलं असतं म्हणून. एवढंच कारण.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि तीन दिवस पाणी पडलं. कार्तिकातलं पाणी, कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं. पहिल्या दिवशी भाऊ दोन पोती आणि एक जुनं लुगडं घेऊन पुंजन्याकडं धावला. मी ताडपत्री आणायला स्टेजकडं गेलो, तर ती बांधलेल्या दोऱ्या भिजून आवळल्या होत्या, गाठी सुटेनात. आणीपर्यंत संध्याकाळ झाली आणि पुंजना पार भिजला होता. आणून मी ती बंडीत, म्हणजे बैलगाडीत, टाकली. आता झाकून काय करणार?

चौथ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही पुंजना उकलला तेव्हा आतून वाफ आली आणि आंबूस वास. लोंब्यांना मोड आले होते, बारीक पांढरे, टोकाला हिरवे. कामाला आलेल्या आठ-दहा बाया तिथं उभ्या होत्या, शेजारच्या धानाच्या बांधीतले दोघे-तिघे आले होते. कुणीतरी आता विचारणार, ताडपत्री कुठं होती? कुणी विचारायच्या आत मीच बोललो.

"पुंजना उलटा रचला यानं. लोंब्या बाहेर ठेवल्या."

तो म्हणाला, "आत होत्या दादा." हळूच म्हणाला.

लोंब्या आतच होत्या. सगळ्यांना दिसत होतं. मला तर सगळ्यांत जास्त दिसत होतं. आणि म्हणूनच माझा आवाज चढला. त्याचं नाव घेऊन काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. त्याच्या पायावर गेलो, त्याच्या खाण्यावर गेलो. शेवटी म्हणालो, "तू असलास काय आन नसलास काय. आमच्यासाठी तू मेला. जाय."

त्यानं बंडीकडं पाहिलं. ताडपत्री तिथं पडली होती, ओली, ठिगळ वर आलेलं. मग माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तर मी उघडा पडलो असतो. बोलला नाही. हातातला भारा खाली ठेवला, बोडीच्या तळ्यावर जाऊन हातपाय धुतले आणि शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं, तिरपा तिरपा चालत गेला.

मी आठ दिवस त्याला शोधलं नाही. "पोटाला चिमटा बसला की येईल" म्हणत राहिलो. त्या धानानं घर काही बुडालं नव्हतं. मोड आलेला धान उकडून, वाळवून आम्ही खाल्ला, उरला तो बैलांना घातला. फाल्गुनापर्यंत संपलाही. एवढ्यासाठी मी ते बोललो होतो.

नवव्या दिवशी लाईनवर काम करणारा एक गँगमन म्हणाला, तुमचा लहाना दरेकशाला गाडीत चढताना पाहिला, डोंगरगडकडं जाणाऱ्या. मग धावपळ सुरू झाली. पोलिसात फोटो दिला. डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, जिथं जिथं नातं होतं तिथं गेलो. नंतरच्या वर्षी कुणीतरी सांगितलं, रायपूरच्या एका हॉटेलात भांडी घासतो, डावा पाय वाकडा आहे. मी दुसऱ्या दिवशी तिथं. मागच्या दारात तो माणूस पाठमोरा बसला होता. मी हाक मारली. तो वळला. पन्नाशीचा होता, ओडिशाचा. "क्या हुआ भैया?" म्हणाला. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि ढसाढसा रडलो. त्यानं हात पुसून मला पाणी आणून दिलं. घरी येऊन मी मायला एवढंच सांगितलं, तो नव्हता.

मायनं मला कधी काही विचारलं नाही. ती तिच्या मार्गानं शोधायला लागली. नवरात्रात डोंगरगडला जायची, बमलाईच्या पायऱ्या चढायची, वर जाऊन देवीला म्हणायची, आन त्याले. आणि माघ पुनवेला दरेकशाला. कचारगडच्या गुहेत गोंड लोकांचे देव आहेत. त्या जत्रेला चार-पाच राज्यांतून माणसं येतात, गाड्या भरभरून. आम्ही गोंड नाही. पण मायचं गणित सरळ होतं. "इतके लोक इतक्या दुरून येतेत. एकाही जनानं त्याले पाहिला नसल का?" स्टेशनबाहेरच्या रस्त्याच्या कडेला ती बसायची, मांडीवर फोटो. येणारा-जाणारा थांबायचा, फोटो पाहायचा, कुणी गोंडीत काही बोलायचं, कुणी छत्तीसगढीत, कुणी नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढं जायचं. पिवळे झेंडे, ढोल, धूळ. दिवस मावळायच्या आत मी तिला परत आणायचो. वाटेत ती म्हणायची, "पुढच्या साली येईल." दर वर्षी म्हणायची. मला ते ऐकवायचं नाही, पण उलट बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

आणखी एक गोष्ट ती करायची. नवा धान आला की लोंब्यांची जुडी गुंफून दारावर बांधायची. ती आमच्याकडं बांधतातच, चिमण्या खातात. पण माय चिमण्यांना हाकलायची. "त्याच्या वाट्याची आहे. येईल तेव्हा नवा धान पाहील." वर्षभर जुडी तशीच, धूळ खात. नवी आली की मग जुनी चिमण्यांना.

अशी बारा वर्षं गेली. मुलं मोठी झाली. माझ्या बायकोनं एकदा, एकदाच, पितृपक्षात पानं वाढताना विचारलं, "त्यांच्या नावाचं काय करायचं?" मी ताट ढकलून उठलो. त्याचं नाव जितेपणी घ्यायचं की मेलेपणी, हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

बारावं वर्ष सरल्यावर जे नवरात्र आलं त्यात माय डोंगरगडला गेली, पण चढू शकली नाही. गुडघे गेले होते. शंभरेक पायऱ्यांवर बसली. मी म्हटलं, डोली करतो, चार माणसं उचलून नेतात. नको म्हणाली. बराच वेळ वर पाहत बसली. लोक तिला ओलांडून चढत होते. मग म्हणाली, "चाल, उतरू." घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, मी ओसरीवर विळ्याला धार लावत होतो, तिथं येऊन बसली.

"पळसविधी करून टाकू गा."

पळसविधी म्हणजे काय ते आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, तर पळसाच्या पानांचं माणूस करायचं, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो मेला असं धरायचं, दिवस करायचे, पाणी द्यायचं.

मी विळा फेकला. "डोकं फिरलं का तुझं? जित्या पोराले जाळतं?"

"जिता आहे हे तुले कोनी सांगतलं?"

"मेला हे तुले कोनी सांगतलं?"

"कोनीच नाही," माय म्हणाली. "म्हून तं. मेला असल तर बारा वर्षं तहानलेला आहे. मी त्याची माय असून त्याले घोटभर पानी नाही देलं. आन जिता असल तर माह्या पान्यानं त्याचं काय बिघडते? वाया जाईल, जाऊ दे."

मी म्हटलं, "तू आशा सोडली."

"आशा नाही सोडली. त्याले सोडून राहिली." ती आपली बोटं पाहत होती. "बारा वर्षं मी देवीले हुकूमच देत होती. आन त्याले, आन त्याले. त्या पायरीवर बसली तेव्हा वाटलं, मी कोन हुकूम देनारी? तिले समजते तो कोठी आहे. आता तिच्या हवाली. ठेवायचा तिथं ठेव, फक्त उपाशी-तहानेला ठेवू नको."

मी एक वर्ष अडवून धरलं. ओरडलो, जेवण सोडलं, पंडितजींना दारातून परत पाठवलं. घरच्यांना वाटलं, भावावर किती जीव आहे. जीव होताच. पण खरं कारण वेगळं होतं. शेतात मी त्याला म्हणालो होतो, आमच्यासाठी तू मेला. आता माझ्याच हातानं त्याला जाळायचं म्हणजे ते बोलणं पुरं करायचं. आणि एकदा जाळला की मग माफी कुणाची मागायची? तो कधीतरी दारात येईल आणि मी त्याचे पाय धरीन, या एका गोष्टीवर मी बारा वर्षं काढली होती. माय देवीच्या भरवशावर होती, मी या भरवशावर.

पुढच्या पितृपक्षाच्या तोंडावर मायनं जेवण कमी केलं. रुसून नाही. म्हणाली, घास उतरत नाही. मग मी हो म्हणालो.

पंडितजी गोंदियाचे, अर्धं हिंदीत बोलणारे. त्यांनी पानांचा आकडा सांगितला, तीनशे साठ, देठासकट. मी एकटा जंगलाच्या कडेला गेलो. भादव्यातली पळसाची पानं मोठी, हिरवीगार, तळहातापेक्षा रुंद. तोडताना हात आपोआप चांगली चांगली पानं निवडू लागला, भोक नसलेली, पत्रावळीला चालतील अशी. त्यानंच शिकवलं होतं ते. "दादा, शिरा पाहून घेत जा. जाड शीर असली का काडीनं फाटते." दीडशेपर्यंत मोजली आणि मोजणी चुकली. बसून पुन्हा एकपासून मोजली.

विधी वाघ नदीच्या काठी. बाया जात नाहीत अशा ठिकाणी. पंडितजी म्हणाले, "माताजी को घर पे रहने दो." माय बंडीत आधीच चढून बसली होती. म्हणाली, "जनमाच्या वेळी मी होती का नव्हती?" पंडितजी आपली पिशवी घेऊन पुढं जाऊन बसले.

वाळूवर दर्भ अंथरला. डोक्याच्या जागी नारळ. मग पानं मांडायची, इतकी गळ्याला, इतकी हातांना, इतकी छातीला. पंडितजी सांगत होते, मी मांडत होतो. झालं तेव्हा वाळूवर एक हिरवा माणूस निजलेला होता. पंडितजी मंत्र सुरू करणार तेवढ्यात माय खुरडत पुढं आली.

"इतका उंच नव्हता तो," म्हणाली. पायाकडची दोन-तीन पानं तिनं वर सरकवली. मग डाव्या पायाकडं पाहिलं आणि पावलाची पानं बोटांनी धरून जरा आत वळवली. तिरपी.

तेव्हा तो झाला. तोपर्यंत ती पानं होती.

माझ्या हातात पेटती काडी दिली. पंडितजी म्हणत होते, "दो भैया, अग्नी दो," आणि माझा हात पुढं जाईना. मी मायकडं वळलो. पंडितजी होते, दोन भाऊबंद होते, मला कुणाची पर्वा राहिली नाही. म्हणालो, "माय, पुंजना त्यानं बरोबर रचला होता. ताडपत्री मी दिली होती मंडईले. त्यानं विचारली तेव्हा मी सांगतलं नाही. दोष त्याचा नव्हता. माहा होता."

माय म्हणाली, "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"मंडईच्याच दिवशी. दंडार पाहाले मी समोर बसली होती. वर पाहिलं तं आपली ताडपत्री. माह्या हातचं ठिगळ मी ओळखीन का नाही?"

तेरा वर्षं. तेरा वर्षं ती हे पोटात घेऊन माझ्या हातचं पाणी पीत होती, मी वाढलेलं जेवत होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून दरेकशाच्या स्टेशनातून परत येत होती. मी म्हटलं, "मग बोलली काऊन नाही? मले झोडपलं काऊन नाही?"

"दोन पोरं होते मले," माय म्हणाली. "एक गेला होता. दुसऱ्याले कायले घालवू?"

काडी माझ्या बोटांपर्यंत जळत आली होती. मायनं माझं मनगट धरलं आणि तिच्या हातासकट माझा हात खाली नेला. ओली पानं लवकर धरत नाहीत. आधी धूर झाला, मग कडा तांबूस झाल्या. मी त्याचं नाव घेऊन माफी मागितली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ज्या आवाजात त्याला घालवला होता त्याच आवाजात.

विझल्यावर पंडितजींनी पुढचं समजावलं. दहा दिवस, तेरावा, पिंड. आणि जाता जाता म्हणाले, असा विधी झालेला माणूस कधी परत आला, तर तो जुना माणूस राहत नाही. त्याचा नवा जन्म धरतात. त्याला न्हाऊ घालायचं, तुपानं माखायचं, बारसं करायचं, सगळं बाळासारखं.

माय एकदम सावरून बसली. "नाव?"

"नया नाम दे सकते हो माताजी."

परतताना बंडीत ती पहिल्यांदा बरी दिसली. मी विधीसाठी मुंडन केलेल्या डोक्यावर टॉवेल टाकून बसलो होतो, डोळे सुजलेले. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "नारळाएवढं डोकं आहे तुहं. मले आतापर्यंत माहीतच नव्हतं." आणि हसली. तेरा वर्षांनी.

त्यानंतर ती दरेकशाला गेली नाही. नवा धान आला तेव्हा लोंब्यांची जुडी तिनं केलीच, दारावर बांधलीही, पण चिमण्या आल्या तर हाकललं नाही. चार दिवसांत त्यांनी सगळी रिकामी केली. माय ओसरीवर बसून पाहत होती. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना पूर्वी ती बराच वेळ पुटपुटायची. आता एकच वाक्य म्हणायची, "तुह्यापाशी आहे, तुले समजते," आणि उठायची.

नाव मात्र तिनं ठरवून ठेवलं होतं. मी विचारलं की सांगायची नाही. "तो येईल तेव्हा कानात सांगीन त्याच्या. तुले सांगतलं तं गावभर करशील." मी चिडायचो, ती आणखी मजेत यायची. म्हणजे तो येणार, हे तिच्या मनात होतंच. पानं जाळून ते जळलं नव्हतं. फक्त आता ती त्याच्यासाठी रडत बसायची नाही.

पाचेक वर्षांनी ती गेली. थंडीचे दिवस होते, दुपारी खाट अंगणात उन्हात टाकली होती. श्वास लागत होता. मला जवळ बोलावलं आणि ते नाव सांगितलं. साधंच नाव, दोन अक्षरी, तान्ह्या मुलाला शोभेल असं. मी म्हटलं, "जुनं काय वाईट होतं? बाबांनी ठेवलेलं होतं."

ती बराच वेळ दम घेत राहिली. मग म्हणाली, "त्या नावानं तू लय ओरडला गा. तो आला आन तू त्या नावानं हाक मारली, तं त्याले तेच आठवल. तुलेही तेच आठवल. नव्या नावानं हाक मारजो."

मी तिचे पाय धरून बसलो. मला वाटत आलं होतं की ती सगळं त्याच्यासाठी करते. अर्धं माझ्यासाठी होतं.

आता माघ पुनवेला मी गोंदियाहून सकाळच्या गाडीनं दरेकशाला जातो. मुलगा म्हणतो, बाबा, काका असते तर आता पन्नाशीकडं आले असते, ओळखू तरी येतील का? मी म्हणतो, पायावरून येईल. फोटो नेत नाही. मायच्या जागेवर, रस्त्याच्या कडेला बसतो. माणसं उतरतात, झेंडे घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन, कचारगडाकडं चालू लागतात. त्यांचा त्यांच्या देवावर भरवसा, माझा मायच्या देवीवर. मी त्यांच्या पावलांकडं पाहत राहतो. कुणाचं पाऊल तिरपं पडलं की उठून उभा राहतो. आजवर तो नव्हता.

गर्दी सरली की परतीच्या गाडीआधी मी ते नवं नाव एकदा उच्चारतो, साध्या आवाजात, शेजारी बसलेल्याला हाक मारावी तसं. कुणी वळून पाहत नाही. त्या नावानं मी अजून कुणावर ओरडलेलो नाही.